जाम खाणारे वटवाघूळ आणि कडुनिंबातला पिंगळा: ओळखायचे कसे आणि करायचे काय

आपण लिहिले आहे की नागपुरातल्या धरमपेठेतल्या आपल्या जुन्या घराच्या आवारात जामाचे (पेरूचे) झाड, कुंपणाच्या भिंतीलगत उंच वाढलेल्या खोट्या अशोकाची रांग आणि फाटकाजवळ ढोली असलेला जुना कडुनिंब आहे. रोज सकाळी गाडीच्या टपावर चघळून टाकलेला चोथा आणि पोर्चच्या भिंतीवर तपकिरी शिंतोडे दिसतात, दिवेलागणीला कडुनिंबातून कर्कश आवाज येतो आणि एकदा टॉर्च मारल्यावर गोल तोंडाचे, टपोऱ्या डोळ्यांचे काहीतरी दिसले. आपल्या सासूबाई म्हणतात की ते घुबड आहे आणि अपशकुनी आहे. शेजारी म्हणतात की तेच फळे खाते आणि त्याच्यामुळे निपा हा विषाणूजन्य आजार होतो. आणि दोन्हींवर उपाय म्हणून कडुनिंब तोडण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. हे वटवाघूळ आहे की घुबड, दोघांत जास्त उपद्रवी कोण, आणि त्याला घालवायचे कसे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की आपल्याकडे आरोपी एकच धरला गेला आहे आणि पुरावे मात्र दोघांचे आहेत. चोथा आणि तपकिरी शिंतोडे हे फळे खाणाऱ्या वटवाघळाचे काम आहे. कर्कश आवाज आणि गोल तोंड हे पिंगळ्याचे, म्हणजे गावाशहरांत सर्रास राहणाऱ्या लहान घुबडाचे आहे. पहिल्याला फळांशी काम आहे आणि ढोलीशी नाही. दुसऱ्याला ढोलीशी काम आहे आणि फळांशी अजिबात नाही. त्यामुळे कडुनिंब तोडला तर पिंगळ्याचे घर जाईल आणि जाम मात्र दुसऱ्या रात्रीही खाल्लेच जातील.

मी काही वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि आता नागपुरात जखमी पक्ष्यांच्या व लहान सस्तन प्राण्यांच्या शुश्रूषेचे काम करतो. तरीही आपले आवार मी पाहिलेले नाही, हे आधीच सांगतो. ढोली सध्या वापरात आहे की नाही, अशोकांत वटवाघळे दिवसाही राहतात की फक्त रात्री खाण्यापुरती येतात, आणि वर्षातला महिना कोणता आहे, या तीन गोष्टींवर पुढच्या सल्ल्यातला बराच भाग अवलंबून आहे. म्हणून आधी आपल्याला स्वतः खात्री कशी करता येईल ते सांगतो.

सकाळी गाडीवरचा चोथा हातमोजा घालून किंवा कागदाने उचलून नीट पाहा. ताजा चोथा चपट्या गोळीसारखा, कडेला पातळ आणि मधे जाड असतो, आणि त्याच्या एका बाजूला आडव्या वळ्यांचे ठसे स्पष्ट दिसतात. हे ठसे वटवाघळाच्या टाळूचे आहेत. फळाचा तुकडा तोंडात घेऊन ते जिभेने टाळूच्या कंगोऱ्यांवर दाबते, रस आणि मऊ गर गिळते आणि उरलेले तंतू थुंकून टाकते. कोणताही पक्षी असा चोथा करत नाही, घुबड तर नाहीच नाही. चोथ्यातल्या बियाही पाहा. जामाच्या बियांबरोबर त्यात उंबराच्या बारीक बिया किंवा देशी बदामाचे तंतू सापडले, तर आपली गाडी फळझाडाखाली नसून वटवाघळांच्या जेवणाच्या जागेखाली उभी आहे असे समजावे. ही वटवाघळे फळ तोडून बहुधा तिथेच खात नाहीत. ते तोंडात धरून थोड्या अंतरावरच्या दाट झाडात नेतात आणि तिथे उलटे लटकून सावकाश खातात. आपल्या आवारात ती जागा बहुतेक अशोकाच्या रांगेत असावी, आणि नेमकी तिच्याखाली आपली गाडी लागत असावी.

झाडावर उरलेल्या अर्धवट जामांवरूनही बरेच कळते. वटवाघळाने खाल्लेल्या फळात रुंद खळगा दिसतो आणि खळग्याच्या कडेला सुळ्यांची भोके असतात. पोपटांनी फोडलेल्या फळावर चोचीचे टोकदार, खोलवर घाव असतात आणि खाली मोठमोठ्या फोडी पडलेल्या असतात, कारण पोपट खातो त्याहून जास्त सांडतो. खारीने कुरतडलेल्या फळावर पुढच्या दोन दातांचे बारीक जोडओरखडे सापडतात. हे मुद्दाम सांगतो, कारण वटवाघळांच्या माथी मारलेली बरीच नासाडी दिवसाढवळ्या पोपटांनी आणि खारींनी केलेली असते. सकाळी उठल्यावर ती एकत्र दिसते आणि रात्रीच्या पाहुण्यांच्या नावावर जमा होते.

आता भिंत पाहा. फळे खाणाऱ्या वटवाघळाच्या पोटातून अन्न फार लवकर पुढे सरकते, अर्ध्या तासाच्या आसपास, आणि ते उडता उडताच विष्ठा टाकते. म्हणून भिंतीवर पिवळट, तपकिरी किंवा जांभुळके, तिरपे ओघळ आणि त्यात चिकटलेल्या बिया दिसतात. पिंगळ्याची शीट पांढरी, चुन्याच्या फराट्यासारखी असते आणि ती इकडेतिकडे उडालेली नसून त्याच्या बसण्याच्या ठरलेल्या फांदीखाली किंवा ढोलीच्या तोंडाखाली साचलेली असते. कडुनिंबाच्या बुंध्यापाशी अशी पांढरी जागा सापडली तर तिथेच थोडे शोधा. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या-काळ्या, कोरड्या गोळ्या मिळतील. शिकार पोटात गेल्यावर न पचलेला भाग पिंगळा गोळीच्या रूपाने ओकतो, आणि पक्षीनिरीक्षक तिला पेलेट म्हणतात. बशीत कोमट पाणी घेऊन ही गोळी त्यात भिजवा आणि दातकोरणीने सोडवा. भुंगेऱ्यांच्या पंखांची चमकदार कवचे, नाकतोड्यांचे करवतीसारखे पाय, कधी उंदराचा पिवळसर दातांचा जबडा आणि केसांचा गुंता बाहेर येतो. फळाची एकही बी त्यात सापडणार नाही. शेजाऱ्यांना पटवण्यासाठी माझ्या शब्दांपेक्षा ही बशी अधिक उपयोगी पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आवाजाने तर शंका राहायला नकोच. दिवेलागणीला, अजून उजेड असतानाच, "चिर्रर्र-चिर्रर्र" अशी घाईची कर्कश सुरुवात आणि मागोमाग "चिवक-चिवक" असा ठेका ऐकू आला, की ती पिंगळ्यांची जोडी आहे. दोघे एकमेकांवर आवाज चढवतात, त्यामुळे भांडण चालल्यासारखे वाटते. वटवाघळे साधारण पुरता अंधार पडल्यावर येतात. त्यांची फळाभोवती होणारी पंखांची फडफड आणि आपसांतली बारीक, टोकदार चिरचिर ऐकू येते, पण ती जामाच्या झाडाजवळच उभे राहिले तर. घरात बसून आपल्याला जो आवाज ऐकू येतो तो त्यांचा नाही.

राहिले टॉर्चच्या उजेडात दिसलेले तोंड. पिंगळा फांदीवर ताठ बसतो, डोळे समोर, लिंबासारखे पिवळे, वर पांढऱ्या भुवया, गळ्याला पांढरी पट्टी आणि राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. कोणी पाहत आहे असे दिसले की तो खाली-वर डोके हलवतो, कारण घुबडांचे डोळे खोबणीत फिरत नाहीत आणि अंतराचा अंदाज घ्यायला त्यांना अख्खे डोकेच हलवावे लागते. वटवाघूळ उलटे लटकलेले असते, त्याचे तोंड कुत्र्याच्या पिलासारखे लांबट असते, डोळे मोठे व काळसर असतात आणि कानांना फिकट पांढरी किनार असते. आपण "गोल तोंड" लिहिले आहे, तेव्हा आपल्याला पिंगळाच दिसला याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

थोडक्यात, चोथा, बिया आणि तिरपे तपकिरी ओघळ वटवाघळाचे. पांढरा फराटा, हाडे-कवचांच्या गोळ्या आणि संध्याकाळचा गलका पिंगळ्याचा.

आता दोघांची नीट ओळख करून देतो, कारण पुढचे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत. शहरातल्या बागांत जामाला येणारे वटवाघूळ बहुतेक वेळा आखूड नाकाचे फळवटवाघूळ असते. शास्त्रीय नाव सायनॉप्टेरस स्फिंक्स. वजन साधारण ४० ते ७० ग्रॅम, म्हणजे मूठभरच. पण पंख उघडले की टोकापासून टोकापर्यंत ४५ सेंटिमीटरच्या वर भरतात, आणि म्हणून उडताना ते आहे त्याहून फार मोठे वाटते. पिंगळा, अथीने ब्रामा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि वजनाने ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वटवाघळाहून चांगलाच भारी. तो उडताना काही वेळा पंख मारतो, मग पंख मिटून खाली झुकतो, पुन्हा पंख मारून वर उठतो. संधिप्रकाशात या लाटेसारख्या उडण्यावरून तो दुरूनही ओळखता येतो.

वटवाघूळ सस्तन प्राणी आहे, हे पुस्तकातले वाक्य सर्वांना पाठ असते, पण आपल्या आवारासाठी त्याचा अर्थ काय होतो ते पाहायला हवे. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, त्याला अंगावर पाजते आणि सुरुवातीला पोटाशी धरून उडते. वर्षातून दोन वेळा विणीचा हंगाम येतो, एकदा हिवाळा सरून उन्हाळा लागताना आणि पुन्हा पावसाळ्याच्या आसपास. या विषयात नागपूरचे योगदान मोठे आहे. इथल्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर दीर्घकाळ संशोधन केले, आणि आम्ही विद्यार्थी असताना त्यातूनच शिकलो. या जातीचा नर खोट्या अशोकाच्या लोंबत्या पानांत शिरून आतल्या डहाळ्या आणि पाने कुरतडतो व घुमटासारखी पोकळी तयार करतो, आणि त्या आडोशाला माद्या व पिल्ले दिवसभर राहतात. ताडवर्गीय झाडांच्या पानांतही असे तंबू आढळतात. आपल्या अशोकांपैकी एखाद्याच्या खाली उभे राहून दिवसा वर पाहा. पानांच्या आत काळोखी पोकळी आणि तिच्यात शेंड्याशी लटकलेला तपकिरी घोस दिसला, तर वटवाघळे आपल्याकडे पाहुणी नसून रहिवासी आहेत.

पिंगळ्याला ढोली स्वतः कोरता येत नाही. फांदी मोडून कुजलेली जागा, जुन्या घराच्या भिंतीतले भोक, कौलांखालची पोकळी, यांपैकी जे मिळेल त्यावर त्याची भिस्त असते, आणि त्यासाठी त्याला साळुंक्यांशी व पोपटांशी झगडावे लागते. आपल्या भागात हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तो तीन-चार अंडी घालतो. पहिले अंडे घातल्यापासूनच उबवायला सुरुवात होत असल्याने पिल्ले लहानमोठी निघतात. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स किंवा तेलंगखेडीच्या बाजूला जुने कडुनिंब आणि चिंचा अजून उभ्या आहेत म्हणून तिथे पिंगळे आहेत. नव्या वस्त्यांत झाडे लावली जातात, पण ढोली तयार व्हायला झाडाचे वय लागते आणि ते लावता येत नाही. आपल्या कडुनिंबाचे मोल मला या कारणाने फार वाटते.

एक गोष्ट जाता जाता. मेळघाटला जाऊन आलेले पुष्कळजण आपल्या अंगणात वनपिंगळा दिसल्याचे कळवतात. वनपिंगळा हा वेगळा आणि अत्यंत दुर्मीळ पक्षी आहे. १८८४ नंतर तो नाहीसाच झाला असे मानले जात होते आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि छाती सलग तपकिरी असते. धरमपेठेतल्या कडुनिंबात राहतो तो ठिपकेवाला साधा पिंगळाच.

आता उपद्रवाचे. आपण विचारले आहे की जास्त उपद्रवी कोण. फळांचे नुकसान करणारा दोघांपैकी एकच, आणि तो वटवाघूळ. हे मी लपवणार नाही. पण त्याच्या खाण्याचा दुसरा अर्धा भागही पाहावा लागतो. उंबर, वड, पिंपळ, जांभूळ यांच्या बिया ते झाडापासून दूर नेऊन टाकते, आणि मोहाची रसाळ फुले खाताना त्याच्या अंगाला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. मोहफुलांवर विदर्भातल्या किती घरांचा उन्हाळा निघतो हे आपल्याला ठाऊकच आहे. टेटूसारखे झाड तर रात्री उमलून वटवाघळांचीच वाट पाहते. पिंगळ्याच्या बाजूने मात्र मला काहीच तडजोड करावी लागत नाही: उंदीर, पाली, नाकतोडे, भुंगेरे, विंचू आणि दिव्याभोवती जमणारे पतंग हे त्याचे अन्न आहे.

पतंगांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार रात्री गळालेल्या फळांसाठी कधी कधी वटवाघळांना जबाबदार धरतात. संत्र्याला टाचणीने टोचल्यासारखे भोक, त्याभोवती मऊ पडलेला, कुजत चाललेला डाग आणि मग फळगळ, असे चित्र असेल तर ते काम फळातला रस शोषणाऱ्या पतंगाचे आहे. त्याची सोंड इतकी कणखर असते की ती साल भेदून आत जाते. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून बागेच्या बांधावरच्या या वेलींवर लक्ष ठेवायला सांगतात. वटवाघळाने खाल्लेल्या फळात दातांचा खळगा दिसतो, टाचणीचे भोक कधीच नाही.

आजाराची भीती मी हलकी मानत नाही, पण ती योग्य जागी ठेवायला हवी. निपा विषाणूचा नैसर्गिक वाहक म्हणून जे ओळखले जाते ते मोठे वटवाघूळ, ज्याला उडता कोल्हा म्हणतात. त्याचे पंख मीटरभराहून जास्त पसरतात आणि वजन किलोच्या पुढे जाऊ शकते. केरळमध्ये २०१८ साली निपाचा मोठा उद्रेक झाला तेव्हापासून देशभर वटवाघळांकडे संशयाने पाहिले जाते. आपल्या राज्यातही, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि काहींमध्ये निपाच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणांचा, पुरावा सापडला होता. ती गुहेत राहणारी, वेगळ्या जातींची वटवाघळे होती. यावरून झाड तोडावे किंवा वटवाघळे मारावीत असे काही निघत नाही, पण काही सवयी मात्र निघतात. दातांची खूण असलेले किंवा खाली पडून फुटलेले फळ मुलांना खाऊ देऊ नये आणि आपणही खाऊ नये, खरवडून किंवा तेवढा भाग कापूनसुद्धा नाही. चांगली फळे धुऊन, सोलून खावीत. चोथा आणि विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी मारून ओली करावी आणि मग हातमोजे घालून धुवावी. वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. ते चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण वटवाघळाशी झालेला असा संपर्क रेबीजच्या दृष्टीने गंभीर श्रेणीत मोडतो. पिंगळ्याचा निपाशी काहीही संबंध नाही.

सासूबाईंच्या मनातल्या गोष्टीबद्दल मी आदरानेच लिहितो. आपल्याच परंपरेत पहाटे दारोदार फिरून शुभाशुभ सांगणारा पिंगळा नावाचा भिक्षेकरी या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे म्हणत असे, आणि लोक त्याला सुपातून धान्य घालत असत. तेव्हा या पक्ष्याकडे लोकांनी केवळ भीतीनेच पाहिले असे नाही. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी, कोवळे ऊन ढोलीच्या तोंडावर पडले की, त्यांना खुर्ची टाकून तिथे बसवा. पिंगळा तेव्हा बाहेर येऊन डोळे मिटत ऊन खात बसतो, आणि थोड्या वेळात बुलबुल, साळुंक्या जमून त्याच्यावर ओरडू लागतात. अपशकुनाच्या समजुतीमुळे आणि दिवाळीच्या आसपासच्या अघोरी प्रकारांमुळे घुबडे पकडली जातात, विकली जातात, मारली जातात. म्हणून ढोलीत पिंगळे आहेत ही माहिती अनोळखी माणसांना सांगू नये आणि समाजमाध्यमांवर पत्त्यासह टाकू नये, एवढी विनंती आहे.

कायद्याचे थोडक्यात: घुबडांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे, म्हणजे १९७२ च्या अधिनियमाचे संरक्षण आहे, त्यांना पकडणे, पाळणे, मारणे हा गुन्हा आहे. फळे खाणारी वटवाघळे त्याच कायद्यात बराच काळ उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती, पण २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढले गेले आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कडुनिंबासाठी १९७५ चा शहरी वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू होतो. महापालिकेच्या परवानगीशिवाय स्वतःच्या आवारातले झाडही तोडता येत नाही.

आता करायचे काय. सगळ्यांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे गाडी अशोकाच्या रांगेपासून काढून दुसऱ्या बाजूला लावणे. तक्रारींपैकी निम्म्या तरी एवढ्याने मिटतात, आणि तरीही लोक हा उपाय शेवटी करतात याचे मला वाईट वाटते. शिंतोडे रंगावर वाळू देऊ नयेत. सकाळीच धुतले तर डाग राहत नाही. जामांसाठी प्रत्येक फळाला, ते लिंबाएवढे झाले की, कागदाची किंवा सुती कापडाची सैल पिशवी बांधा. फळमाशीपासूनही त्याने बचाव होतो. शेंड्याची, हात न पोहोचणारी फळे सोडून द्या. पूर्ण झाडावर बारीक नायलॉनची जाळी टाकू नका. तशा जाळीत अडकलेली वटवाघळे आमच्याकडे येतात तेव्हा पंखाचा पडदा धाग्याने चिरलेला असतो, आणि त्याच जाळीत पतंगांमागे आलेला पिंगळाही अडकतो. जाळी लावायचीच असेल तर जाड धाग्याची, पांढरी आणि चौकटीवर ताणून बसवलेली लावा, म्हणजे ती अंधारातही दिसते आणि तिच्यात गुंतायला सैल भाग राहत नाही. धूर करणे, फटाके फोडणे, डांबरगोळ्या टांगणे यांनी वटवाघळे दोन दिवस शेजारच्या झाडात जातात आणि परत येतात. विणीच्या दिवसांत धूर केला तर तेवढ्यात पिल्ले खाली पडतात.

पिंगळ्यासाठी काही करायचे नाही, फक्त काही टाळायचे आहे. ढोली सिमेंटने बुजवू नका. तिच्यावर प्रखर हॅलोजन सोडू नका. फाटकाचा दिवा खाली वळवला तरी पुरे. उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखे विष ठेवणे थांबवा, कारण ते खाऊन सुस्त झालेला उंदीर पिंगळ्याला सहज सापडतो आणि विष पुढे त्याच्या पोटात जाते. त्याऐवजी उंदरांचा पिंजरा लावा. कडुनिंबाची फांदी खरोखर धोकादायक झाली असेल तर रीतसर परवानगी काढून तेवढीच फांदी उतरवा आणि ढोली असलेला बुंधा ठेवा.

दोघांच्याही जिवावर बेतणारे नागपुरातले दोन हंगाम आहेत, त्यांचे सांगायलाच हवे. संक्रांतीच्या पतंगांनंतर नायलॉन मांजाचे तुकडे झाडांत आठवडेच्या आठवडे लोंबत राहतात. बंदी असूनही तो वापरला जातो. आपल्या आवारात जेवढा दिसेल तेवढा काठीने गुंडाळून काढून टाका. अडकलेला प्राणी ओढू नका, दोन्ही बाजूंनी मांजा कापा आणि धाग्यासकट त्याला खोक्यात ठेवा. वटवाघळाच्या पडद्याची लहान चीर काही आठवड्यांत आपोआप भरून येते, कारण ती जिवंत, रक्त वाहणारी त्वचा आहे. पिंगळ्याची उडण्याची पिसे तुटली तर ती झडून नवी येईपर्यंत त्याला सांभाळावे लागते. दिसायला वटवाघळाची जखम भयंकर असते आणि पिंगळ्याची किरकोळ, पण बरे व्हायला बहुधा पिंगळाच जास्त वेळ घेतो.

दुसरा हंगाम मे महिन्याचा. पारा ४५ च्या वर गेला की दुपारी वटवाघळे झाडावरून पडतात आणि पिंगळ्याची उडायला शिकणारी पिल्ले जमिनीवर सापडतात. पिंगळ्याच्या पिल्लाला चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पोळी देऊ नका. जखम नसेल तर त्याला जाड कापडात धरून शक्य तितक्या उंच फांदीवर, ढोलीजवळ ठेवा आणि बाजूला व्हा. आईबाप आवाजावर येतात. वटवाघळाला हात न लावता त्यावर खोके उपडे घालून खालून पुठ्ठा सरकवा, आत चढायला खरबरीत कापड लटकवा आणि सावलीत ठेवा. दोन्ही प्रसंगी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. सेमिनरी हिल्सवरचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करते.

अशोकाच्या छाटणीबद्दल आपण विचारले नाही, पण सल्ले देणारे आता तिकडेच वळतील, म्हणून सांगतो. छाटणी करण्यास हरकत नाही आणि गाडीवरची रांग थोडी विरळ केली तर वटवाघळांची जेवणाची जागा आपोआप मागे सरकते. मात्र छाटणी करणाऱ्याने आधी दिवसा प्रत्येक झाडाखाली उभे राहून आतला घोस पाहावा. ज्या झाडात पिल्लू पोटाशी धरलेली मादी दिसेल तेवढे झाड दीड-दोन महिने सोडावे आणि बाकीची रांग छाटून घ्यावी.